कुसुमाची सतरा पाने

आमच्या घरात अक्षरे पत्र्यातून खाली पडत. अब्बा पाटावर डब्याचा सरळ केलेला पत्रा ठेवत, त्यावर खडूने आखत आणि छिन्नीच्या लहान लहान घावांनी तो कापत जात. कापलेला तुकडा पाटाखाली पडे. पत्र्यात जी रिकामी जागा उरे, ते अक्षर. नागभीडच्या तांदूळ गिरण्यांना पोत्यांवर नाव उमटवण्यासाठी असे साचे लागत आणि ते अब्बा करून देत. ते स्वतः शाळेत गेले नव्हते. अक्षरे त्यांना वाचता येत नसत, पण कोणत्या अक्षराचे पोट कुठे आहे हे त्यांना बिनचूक ठाऊक असे. ‘ठ’चे पोट एका बारीक पट्टीने पत्र्याला जोडून ठेवले नाही, तर ते गळून पडते आणि पोत्यावर नुसता काळा गोळा उमटतो. त्या पट्टीला ते दांडी म्हणत. दांडी कुठे ठेवायची, एवढेच या धंद्यातले शहाणपण आहे, असे त्यांचे मत होते. मी शाळेत अक्षरे शिकलो ती आधी त्यांच्या दांड्यांवरून.

घर विहिरीला लागून होते. पुढे ओटा, ओट्यावर अब्बांचा पाट, आत दोन खोल्या आणि मागे चिंचेखाली चूल. दिवसभर छिन्नीचा आवाज चाले. त्यामागे गिरणीच्या पट्ट्याची घरघर असे आणि त्याही मागे, दुपारी, छोट्या गाडीची शिट्टी. ती गाडी इतक्या सावकाश येई की शिट्टी ऐकून माणसे जेवायला बसत आणि जेवण उरकून स्टेशनावर पोहोचत. हवेत कोंडा तरंगत असे. उन्हाच्या तिरिपेत तो सोनेरी दिसे आणि घशात गेला की खोकला आणी. अम्मीला तो खोकला कायमचा लागला. नागपूरच्या दवाखान्यात नेऊन तिच्या छातीचा एक्स-रे काढला होता. त्यानंतर ती आठ महिने जगली. ती गेल्यावर एक्स-रेची काळी फिल्म खाकी लिफाफ्यात, तिच्या पेटीत, तिच्या काळ्या सुती ओढणीवर राहिली. बाहेर पडताना ती ही ओढणी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घेत असे. पेटी दोन वर्षे कोणी उघडली नाही.

घर त्यानंतर रशीदा आपाने चालवले. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक होऊन अब्बांच्या हाताखाली बसलेला. सकाळी तांदळाची भाकर आणि खट्टी दाळ, बाजाराच्या दिवशी तलावातली बोटाएवढी मासोळी वांग्यात घालून. आपाच्या हातची मासोळी काट्यासकट विरघळे. मी तहसिलात कारकुनी केली, चाळीस वर्षे अहवाल लिहिले, आणि अहवालात चव लिहीत नाहीत. तरी ही एक चव येथे नोंदवतो.

चैत्रात आपाचे लग्न ठरले. मुलगा सिरोंच्याचा, शिंपीकाम करणारा. सिरोंचा म्हणजे आमच्यासाठी जगाचे दुसरे टोक. आधी गाडीने चंद्रपूर, मग एसटीने आलापल्लीचे जंगल ओलांडून दिवसभराचा प्रवास आणि पलीकडे नदीच्या पार तेलुगू मुलूख. आपाने एकच मागणी केली. सासरी जाताना अंगावर अम्मीची काळी ओढणी असावी. अब्बांनी मान हलवली. ओढणी पेटीतून निघाली तेव्हा तिला कडुनिंबाचा वास येत होता आणि ती इतकी काळी होती की तिच्यात घड्या दिसत नव्हत्या.

त्याच आठवड्यात पंचायतीचा माणूस विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर घेऊन आला. बादलीत कालवताना त्याचा हात हलला आणि आपाच्या काळ्या परकरावर शिंतोडे उडाले. तिने त्याला बरेच सुनावले. परकर धुऊन वाळत घातल्यावर मात्र ती दोरीपाशी थांबली. शिंतोड्यांच्या जागी पांढरे डाग नव्हते. काळ्यातून तांबूस, गेरूसारखा रंग वर आला होता.

“हमीद, इकडे ये. हा कसा रंग हाय पाय.”

मी पाहिले. “गंजलेला पत्रा.”

“तुह्या डोक्यात पत्राच भरला हाय. कुसुमाची कवळी पालवी हाय हे.”

ज्यांनी आमच्याकडचे जंगल चैत्रात पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सारे रान वाळून करडे झालेले असते, आणि त्यात मध्येच एखादे कुसुमाचे झाड पालवते. त्याची नवी पाने हिरवी नसतात, तांबडी असतात. लांबून झाड पेटल्यासारखे दिसते. पंधरा दिवसांत पाने हिरवी होतात आणि झाड इतर झाडांसारखे होऊन जाते. अम्मी चारोळ्या वेचायला रानात जाई तेव्हा येताना कुसुमाची एक डहाळी आणून पाण्याच्या रांजणात खोचत असे. कशासाठी, ते तिने सांगितले नाही, आणि कोणी विचारले नाही.

आपाला त्या ओढणीवर कुसुमाची पाने हवी होती. घरात पाच साचे रोज तयार होत होते आणि पावडरीचा अर्धा डबा, पुढच्या फेरीपर्यंत, आमच्याच ओट्यावर ठेवलेला होता. मी अब्बांची छिन्नी घेऊन पत्र्याचे पान कापले. जुन्या छत्रीच्या कापडावर करून पाहिले. पत्र्याने दगा दिला. पावडरीचे पाणी लागताच पत्रा गंजला आणि पानाभोवती गंजाचा ओघळ उतरला. आपा कापडाकडे बघत म्हणाली की गंजणार नाही आणि पाणी पिणार नाही असे काहीतरी पाहिजे. दोघांच्याही मनात एकच वस्तू आली होती.

लिफाफा तिनेच काढला. फिल्म तिने दारातल्या उजेडासमोर धरली. काळ्यात धुरकट पांढऱ्या फासळ्या, दोन्ही बाजूंना खाली झुकत गेलेल्या. मध्ये कणा. मी नको म्हणालो. ती म्हणाली, “पेटीत ठिवून तिले का दिसते?” मी फिल्म पाटावर पसरून चाकूने कापायला घेतली. पहिलाच काप वाकडा गेला.

अब्बा आत भात खात होते. ते कधी उठून आले ते कळले नाही. माझ्या मागे उभे राहून त्यांनी फिल्मकडे पाहिले. ती काय आहे हे त्यांना सांगावे लागले नाही. ते रागावतील असे वाटून मी बाजूला झालो. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, खाली बसले आणि माझ्या हातातला चाकू घेतला.

“पानाले बी दांडी लागते,” ते म्हणाले. “मधली शीर ठिव. नाई तं पान नाई, भोक होते.”

त्या दुपारी गिरणी बंद होती. छिन्नी नव्हती, पट्टा नव्हता. फिल्म कापली जाण्याचा एक बारीक, कोरडा आवाज येत होता, आणि मागच्या चिंचेची सुकलेली पिवळी पाने घरावरून उडत ओट्यावर उतरत होती. अब्बांनी एका दमात पान कापले. पानाची मधली शीर त्यांनी बरोबर कण्यावर धरली होती. दोन अर्धी पाने कण्याच्या दोन्ही बाजूंनी, फासळ्यांमधून, अलगद निघून खाली पडली. ते तुकडे अब्बांनी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकले, आणि भात खायला परत आत गेले. मी आज त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा पुष्कळ मोठा आहे. तो साचा माझ्याजवळ आहे. कधी तरी मी तो खिडकीशी धरतो. फासळ्यांच्या मधोमध एक पान असते आणि पानातून समोरचा रस्ता दिसतो.

छत्रीच्या दुसऱ्या तुकड्यावर आपाने स्वतः करून पाहिले. पावडरीचे पाणी धडप्यातून गाळले, त्यात मैद्याची खळ घालून ते दाट केले, चिंधीचा बोळा करून टिपले. तिला धीर नव्हता. पाच मिनिटांत साचा उचलून तिने कापड बादलीत बुचकळले. पान उमटले होते, तांबूस, जरासे फिके, कडेला थोडे पसरलेले. मला ते कच्चे वाटले. तिला पसंत पडले.

लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारच्या बायका तिला मेंदी लावायला बसल्या. तिचे दोन्ही हात अडकले. ओढणीचे काम माझ्याकडे आले. मी मागच्या अंगणात सतरंजीवर ओढणी पसरली आणि एकट्याने सतरा पाने टिपली. येथे माझी चूक झाली आणि ती मी जाणूनबुजून, अक्कल वापरून केली. अब्बांकडे बसल्यापासून एकच गोष्ट माझ्या हाडात भिनली होती, ‘साचा वाळल्याशिवाय उचलाचा नाई. घाई केली का अक्षर पसरते.’ पोत्यावर रंग लावून जो घाई करी त्याच्या हातावर छिन्नीचा दांडा बसे. मी घाई केली नाही. फिल्मच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले. प्रत्येक पान कडक उन्हात खडखडीत वाळू दिले आणि मगच साचा पुढे सरकवला. ओढणी धुतली ती शेवटचे पान वाळल्यावर, ऊन कलताना.

काम अप्रतिम झाले. कडा सुरीने कापल्यासारख्या. रंगही आपाच्या तुकड्यापेक्षा उजळ, कवळ्या पालवीच्या टोकावर असतो तसा. दोरीवर ओढणी हलली की काळ्यावर सतरा पाने हलत. मेंदीचे हात वर धरून आपा दारात आली आणि बराच वेळ बघत राहिली. बायकांनी विचारले, कुठून आणली. ती म्हणाली, “आमच्या घरी झाडाले येते.” बायका हसल्या. मला अभिमान वाटला. तो मी अजून विसरलो नाही, कारण तो एकच दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी निकाह झाला, जर्द्याचा गोड केशरी भात झाला, पाहुणे जेवून ओट्यावर सुपारी कातरत बसले. आपा आत कपडे बदलत होती. ओढणीची घडी घालून आणायला तिने मला सांगितले. मी दोरीवरून ती काढली आणि कोपरा धरून झटकली. माझा अंगठा एका पानातून आरपार गेला. फाटल्याचा आवाजही झाला नाही. कागदाची राख जशी बोटाला लागते तसा धागा बोटाला लागला. मी दुसरे पान उजेडासमोर धरले. त्यातून चिंचेच्या फांद्या दिसल्या. वाळेपर्यंत बसलेल्या पावडरीने नुसता रंग खाल्ला नव्हता, सूत खाल्ले होते.

सांगायला वेळ होता. आपा दहा पावलांवर होती. दुसरी ओढणी पेटीत होती. मी सांगितले असते तर ती रडली असती, अब्बांना कळले असते आणि सिरोंच्याच्या माणसांसमोर अम्मीची ओढणी माझ्या हातून गेली हे उघडे पडले असते. मी फाटका कोपरा आत दुमडला, त्यावर दुसरी घडी घातली आणि ओढणी तिच्या हातात दिली. तिने ती मस्तकाला लावली आणि घडी पूर्ण न मोडता खांद्यावरून घेतली. गाडीच्या खिडकीत तांबडी पाने शेवटपर्यंत दिसत होती.

त्यानंतर चार महिने मी नीट जेवलो नाही, असे लिहिणे अतिशयोक्तीचे होईल. जेवलो. पण घरात मासोळी कोणी केली नाही, आणि अब्बांनी दोनदा विचारले की माझे साचे वाकडे का येत आहेत. आपाचे एक पोस्टकार्ड आले. सगळे बरे आहे, सासूबाईंचे बोलणे अर्धे समजते, नदी मोठी आहे. ओढणीचा उल्लेख नव्हता. मी ते कार्ड पुष्कळदा वाचले. पोळा झाल्यावर अब्बा म्हणाले, जाऊन बहिणीला बघून ये. मी जायचे ठरवले ते बघायला नव्हे. जे दहा पावलांवर सांगितले नाही ते दोन दिवसांच्या वाटेवर जाऊन सांगायचे होते.

आलापल्लीच्या पुढे सागाच्या रानातून एसटी चालली होती. पावसाने उघडीप दिली होती. झाडे इतकी उंच की गाडीत हिरवा अंधार भरला होता आणि माणसांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते. मध्येच पानांत फट पडे आणि उन्हाचा एक तुकडा कोणाच्या तरी मांडीवर उतरे, सरके, पुढच्या माणसावर जाई. मी काय बोलायचे ते घोकत होतो. प्रत्येक फटीपाशी विसरत होतो.

आपाचे सासर म्हणजे रस्त्यावर मशीन आणि मागे राहती खोली. मेहुणे कपडे शिवत, आणि काजे, म्हणजे गुंड्यांची घरे, सासूबाई हाताने करत. त्यांना सारे गाव अम्मा म्हणे. काटक बाई, नाकावर चष्मा, बोलणे थोडे, त्यातही निम्मे तेलुगू. मी आत पाऊल टाकले आणि जमिनीवर पाने दिसली. उन्हाची पाने, प्रत्येकाच्या मधोमध काळी शीर. मी वर पाहिले. मागच्या खिडकीला अम्मीची ओढणी बांधली होती. प्रत्येक पानाच्या जागी आरपार भोक होते आणि भोकांच्या कडांना तांबड्या दोऱ्याने काजाचे टाके घातले होते. मधली शीर, अब्बांची दांडी, जिथे पावडर लागली नव्हती तिथले कापड शाबूत होते. तिच्याही दोन्ही कडा बांधल्या होत्या.

मी घोकलेले काही बोललो नाही. आपाने पाणी दिले आणि काय झाले ते भाजी निवडत सांगितले. पहिल्यांदा नदीवर धुतली तेव्हा पाने एकेक करून पाण्यात गेली. ती काठावर बसून रडली. अम्मा शेजारी लुगडे आपटत होत्या. त्यांनी ओढणी पिळली, घरी आणली, आणि आपाच्या हातात सुई देऊन एका भोकावर बोट ठेवले. तोवर नव्या सुनेला गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावायची परवानगी नव्हती. सून काज शिकली ती त्या पानांवर. हे मला सांगावेही लागले नसते. वरच्या पानांचे टाके डगमगत गेलेले होते, मधल्यांचे बरे होते, आणि खालच्या ओळीत मशीनला जमणार नाही इतके बारीक. वरून खाली वाचत गेले की चार महिने वाचता येत होते.

“आता मी सदऱ्याचे काज करतो,” आपा म्हणाली. “अम्मा उसवत नाई.”

ती उठली, खिडकीच्या ओढणीची खालची एक गाठ सोडली आणि तिचा तो कोपरा माझ्या गुडघ्यावर ठेवला. तिथल्या पानाचे भोक कच्च्या टाक्यांनी नुसते धरून ठेवलेले होते. कडेला काज नव्हते. माझ्या अंगठ्याने ते जिथून फाडले होते ती फाट तशीच होती.

“घडी तू घातली होती,” ती म्हणाली. “हा कोपरा आत होता. तुले दिसलं होतं.”

“हो.”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

दोन दिवस घोकलेली सगळी कारणे त्या वेळी मला आठवली. त्यांपैकी एकही सांगण्यासारखे नव्हते. मी तसे म्हणालो. मग तिने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला आणि सुई माझ्या हातात दिली.

“हे एक तुह्या वाट्याचं ठिवलं.”

दुपारभर मी ते पान बांधले. छिन्नी धरणारा हात सुई धरायला नालायक असतो. दोरा गाठी खाई, टाका निसटे, फाट रुंदावे. मेहुण्यांचे मशीन थांबले की बाहेरून नदीवरच्या माणसांचे बोलणे ऐकू येई, आणि ते कोणत्या भाषेत आहे ते कळत नसे. उन्हाची सोळा पाने माझ्या पायावरून भिंतीकडे सरकत गेली. पूर्ण झाल्यावर मी कापड अम्मांपुढे धरले. त्यांनी चष्मा वर केला, टाक्यांवरून नख फिरवले आणि म्हणाल्या, “मळ्ळी.” आपाने अर्थ सांगितला, पुन्हा. मी सगळे उसवले आणि पुन्हा केले. त्या म्हणाल्या, “मळ्ळी.” आता अर्थ सांगावा लागला नाही.

मी परत गेल्यावर अब्बांना सारे सांगितले, आतल्या घडीसकट. त्यांनी छिन्नी खाली ठेवली. “वाळू द्याचं पोत्याले असते,” ते म्हणाले. “कापडाचं मी सांगाले पायजे होतं.” त्यांनी एवढेच बोलून पुन्हा पत्रा पुढे ओढला. पण माझ्या चुकीतला तो वाटा त्यांनी उचलावा अशी माझी इच्छा नव्हती, आणि तो मी त्यांना कधी दिला नाही.

ओढणी आजही सिरोंच्याला त्याच खिडकीवर आहे. आपाच्या नातवंडांना तिची पाने मोजता येतात. खालचा उजवा कोपरा धरून ती मला दाखवतात आणि विचारतात, हे एकच असे का. सुई धरली त्या दिवशी तिसऱ्यांदा मी कापड पुढे केले तेव्हा दिवे लागायची वेळ होत आली होती. अम्मांनी पान उजेडासमोर धरले. त्याच्यातून त्यांना नदी दिसत असावी. मग त्यांनी कापड माझ्या हातात न देता स्वतःच उठून खिडकीला बांधले, आणि आपाला सांगितले की भाऊ आला आहे, मासोळी कर.